मातेचा मधुमेह आणि भ्रूणाचा मेंदू : तपासणी केव्हा व्हावी?

बंगालमध्ये गर्भवती स्त्रीला सातव्या किंवा नवव्या महिन्यात ‘साध’ देण्याची रीत आहे. कोलकात्यातील घरांतून त्या दिवशी तिच्यापुढे भात, मासळी, भाज्या आणि पायेश, म्हणजे तांदळाची खीर, असे भरलेले ताट मांडले जाते. महाराष्ट्रातील डोहाळजेवणाची ही सख्खी बहीणच होय. जिच्या उदरात नवा जीव वाढत आहे तिची इच्छा पुरी व्हावी आणि साऱ्या कुटुंबाचे लक्ष तिच्याकडे असावे, हा दोन्ही रीतींचा हेतू आहे. परंतु कुटुंबाचे लक्ष असे तिच्याकडे वळण्याच्या कितीतरी आधी बालकाच्या मेंदूचा पाया घातला गेलेला असतो. माता मधुमेही असेल तर आरंभीच्या ह्या काळालाच सर्वांत अधिक महत्त्व असते. म्हणून रक्तातील साखरेची तपासणी गर्भधारणेनंतर नव्हे, तर तिच्या आधी होणे अगत्याचे आहे.

हे म्हणणे नीट समजण्यासाठी पहिल्या चार आठवड्यांचा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीच्या बाजूस पेशींचा एक पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा मिटाव्यात तशा एकमेकींना मिळून त्यांची नळी बनते. हीच मज्जानलिका. तिच्या पुढच्या टोकापासून मेंदू आणि उरलेल्या भागापासून मज्जारज्जू तयार होतो. सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ही नळी पूर्ण मिटते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग व कवटी घडतच नाहीत आणि असे बालक जगत नाही. खालचा भाग उघडा राहिला तर कणा दुभंगलेला राहतो. पायांची शक्ती आणि मूत्राशयावरील ताबा ह्यांवर त्याचा परिणाम जन्मभर होऊ शकतो. ज्या दिवशी ही नळी मिटते, त्या दिवशी मातेची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपण गर्भवती आहोत ह्याची अनेक स्त्रियांना तोपर्यंत शंकाही आलेली नसते.

मातेच्या रक्तातील ग्लुकोज भ्रूणापर्यंत सहज पोहोचते. ते नियंत्रित करणारे मातेचे इन्शुलिन मात्र वार ओलांडून पलीकडे जात नाही, आणि भ्रूणाचे स्वादुपिंड तर अद्याप तयारही झालेले नसते. त्यामुळे मातेच्या रक्तात साखर जितकी वाढेल, तितकी ती भ्रूणाच्या वाट्यास येते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसून आले आहे की, साखरेच्या अतिरेकाने पेशींत ऑक्सिजनचे घातक संयुगांश साचतात, आणि मज्जानलिका मिटविण्यास आवश्यक असलेल्या ‘पॅक्स ३’ ह्या जनुकाचे कार्य मंदावते. मग नळीच्या कडांवरील पेशी अकाली मरतात आणि कडा जुळत नाहीत. मानवातही, गर्भधारणेपूर्वीच मधुमेह असलेल्या व तो नियंत्रणात नसलेल्या मातांच्या बालकांत मज्जानलिकेचे आणि हृदयाचे जन्मदोष अधिक आढळतात. गर्भधारणेच्या सुमारास साखर ताब्यात असेल तर हा धोका बराच उतरतो. हा दोष कोणाच्या दैवाचा नसून टाळता येण्याजोगा आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. गर्भारपणाच्या उत्तरार्धात प्रथमच उद्भवणारा मधुमेह मज्जानलिकेला दुभंगवू शकत नाही, कारण ती कधीच मिटलेली असते. त्याचे परिणाम निराळे असतात. तोपर्यंत बालकाचे स्वादुपिंड कार्यक्षम झालेले असते. जादा साखरेला तोंड देण्यासाठी ते अधिक इन्शुलिन निर्माण करते व बालक प्रमाणाबाहेर वाढते. कोपेनहेगनचे डॉक्टर योर्गेन पेडरसन ह्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडलेला हा विचार आजही आधारभूत मानला जातो. नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, इन्शुलिन मात्र उरते, आणि नवजात बालकाच्या रक्तातील साखर एकाएकी घसरते. मेंदूचे मुख्य इंधनच साखर असल्यामुळे ही अवस्था तीव्र होऊन दीर्घकाळ टिकली तर मेंदूस इजा पोहोचते. शिवाय वाढत्या बालकाला तांबड्या पेशींसाठी अधिक लोह लागते. तुटवडा पडल्यास मेंदूच्या वाट्याचे लोह कमी होते, आणि स्मृतीशी संबंधित भागांवर त्याचा परिणाम संभवतो.

तथापि मधुमेही मातेचे मूल मंदबुद्धी होते, असा समज कोणी करून घेऊ नये. म्हैसूर येथील मुलांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भारपणात मधुमेह झालेल्या मातांची मुले नऊ-दहा वर्षांच्या वयात बौद्धिक चाचण्यांत मागे पडलेली दिसली नाहीत. काही चाचण्यांत तर ती थोडी पुढेच होती. इतर देशांतील निष्कर्ष ह्याहून वेगळे आहेत. तेव्हा भीती घालणे शास्त्रीय सत्याला सोडून होईल. सावधगिरी मात्र त्या सत्याला धरूनच आहे.

कोलकाता शहराचा मधुमेहाशी परिचय जुना आहे. १९०७ साली ब्रिटिश वैद्यकीय संघाच्या अधिवेशनात उष्ण प्रदेशांतील मधुमेहावर चर्चा झाली, तीत बंगालमधील अनुभवांना मोठे स्थान मिळाले आणि कलकत्त्याचे डॉक्टर कैलासचंद्र बोस ह्यांनी भाग घेतला. त्या काळचे चित्र मुख्यतः बैठे काम करणाऱ्या, सुखवस्तू, मध्यमवयीन पुरुषाचे होते. तरुण स्त्री त्या चित्रात जवळजवळ नव्हती, आणि इन्शुलिनपूर्व काळात तरुणपणी ह्या रोगाने गाठलेली स्त्री मातृपदापर्यंत क्वचितच पोहोचत असे. १९२२ साली टोरांटो येथे इन्शुलिनचा पहिला उपयोग झाला आणि ही स्थिती पालटली. आज मधुमेह तरुण वयातही आढळतो, धनिकांपुरता उरलेला नाही, आणि पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता अंगात असतो. लोकांच्या मनातील चित्र मात्र जुनेच राहिले आहे. ‘पोरीला कसली आली साखर?’ हा प्रश्न बागबाजारात जसा विचारला जातो, तसाच सदाशिव पेठेतही.

भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीची पहिल्या भेटीतच तपासणी करावयाची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यावर दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास उपचार सुरू होतात. न आढळल्यास चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात तपासणी पुन्हा केली जाते. ही व्यवस्था स्तुत्य आहे व ती टिकलीच पाहिजे. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पहिल्या तीन महिन्यांत तपासणीस येणाऱ्या माता सुमारे ७० टक्केच होत्या. आणि त्यांतील जी तिसऱ्या महिन्यात येते, तिच्या बालकाची मज्जानलिका केव्हाच मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते.

गर्भधारणेपूर्वी तपासणी केल्यास मुलींच्या विवाहात अडथळा येईल, असा आक्षेप घेतला जातो. समाजाचा अनुभव पाहता तो पोकळ म्हणता येत नाही. त्यावर उपाय तपासणी टाळणे हा नव्हे; ती सर्वांची करणे आणि तिचा निष्कर्ष गुप्त राखणे, हा आहे. वर आणि वधू दोघांचीही तपासणी होऊ लागली तर ती कलंक न राहता रिवाज होईल. खर्चाचा आक्षेप तर टिकणाराच नाही. रक्ताच्या एका साध्या तपासणीचा खर्च जन्मभराच्या अपंगत्वाच्या तुलनेने नगण्य आहे. फॉलिक आम्लाचे उदाहरण डोळ्यांपुढे आहेच. ज्यांना पूर्वी असे सदोष बालक झाले होते, त्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून ते घेतल्यास दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७० टक्क्यांनी घटते, हे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सिद्ध केले. ‘आधीपासून’ ह्या शब्दाचे महत्त्व तेव्हाच कळून चुकले होते. साखरेच्या बाबतीत ते अजून अंगवळणी पडलेले नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी १९३२ साली स्थापन झालेली अखिल भारतीय संस्था कोलकात्यातच आहे. अशा नगरीने ह्या कामी पुढाकार घेणे सर्वस्वी उचित ठरेल. शाळांनी आरोग्याच्या धड्यात पहिल्या चार आठवड्यांची गोष्ट मुलामुलींना सांगावी. आरोग्यकेंद्रांनी नवविवाहितांची साखर तपासावी, आणि जिला मधुमेह आहे तिने वैद्याच्या सल्ल्याने तो ताब्यात आणून मगच मातृत्वाचा विचार करावा. साध आणि डोहाळजेवण आपापल्या महिन्यात आनंदाने व्हावेत; मात्र मातेची काळजी त्या ताटापासून सुरू न होता, त्याच्या वर्षभर आधी सुरू व्हावी.