दुसऱ्या काट्याकडेही लक्ष असू द्या



काट्याच्या बाबतीत आपण सभासद मोठे जागरूक. उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की भरलेले वजन किती, रिकामे किती, पावतीवर आकडा काय पडला, हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. बघायलाच पाहिजे. वर्षाची कमाई त्यावर असते.

पण ज्या जुन्या मोटारीतून आपण कार्यस्थळावर येतो, तिच्या ऑइल प्रेशरच्या काट्याकडे किती जण बघतात? पुष्कळ गाड्यांना तो काटाच नाही. आहे तो नुसता लाल दिवा. त्या दिव्यावर विसंबून राहू नये, जुनी गाडी बाळगणाऱ्याने काटा बसवून घ्यावा आणि त्याची नोंद ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत आम्ही कुठल्या पुस्तकातून उचललेले नाही. रोख पैसे मोजून घेतलेले आहे.

आमच्या घरी वडिलांच्या वेळची अॅम्बॅसॅडर आहे. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण आमचा जीव काही तिच्यातून निघत नाही. काही वर्षांपूर्वी हंगामाच्या धामधुमीत तिचा लाल दिवा लुकलुकू लागला. गाडी गरम होऊन उभी राहिली की पेटायचा. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, गरम झाली की तसंच करतंय ते. जरा रेस दिली की जातंय." आम्हीही म्हटले, जातंय ना, मग चालू दे. पुढे आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुण्याला मिळाली. कात्रजच्या जुन्या घाटात दिवा पेटला तो विझेचना. तेव्हाच बटण बंद करायला हवे होते. आम्ही म्हणालो, "एवढा घाट चढू, मग बघू." घाट काही चढलो नाही. आतून टकटक आवाज आला आणि इंजिन जाम झाले. आई रस्त्याकडेच्या झाडाखाली अडीच तास बसून राहिली. ऑपरेशनची तारीख हुकली, पुढची महिन्याने मिळाली. क्रँक घासून घेणे, बेअरिंगे, मजुरी मिळून उसाच्या पहिल्या हप्त्यातला मोठा तुकडा गॅरेजात गेला. आणि मूळ कारण काय निघाले? चेंबरमधल्या ऑइल पंपाची जाळी काळ्या गाळाने बुजली होती. वेळेवर चेंबर उतरवून धुतला असता तर एका दिवसात भागले असते. चूक ड्रायव्हरची नव्हे, आमची.

आता दिव्याचे गणित समजून घ्या. दिव्याचे स्विच साधारणपणे दाब ५ ते ७ पौंडांवर घसरला की लागते. टायरची हवा मोजतो तोच हा पौंड, दर चौरस इंचाला. गरम इंजिन रस्त्यावर चालताना ढोबळ हिशेबाने दर हजार फेऱ्यांना १० पौंड दाब असावा असे धरतात. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकात असतो. म्हणजे ४५ पौंडांचा दाब महिनोन्‌महिने घसरत १५ वर आला, तरी दिवा चिडीचूप. तो बोलतो तेव्हा दुखणे शेवटाला आलेले असते. दिवा म्हणजे आग लागल्यावर वाजणारी घंटा; धूर दिसायला काटाच हवा.

हा दाब येतो कुठून? पंप ऑइल ढकलतो आणि क्रँक व बेअरिंग यांच्यामधल्या फटीतून ते वाट काढते. ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची. फट बारीक, तर ऑइल अडते आणि दाब टिकतो. बेअरिंग झिजले की फट वाढते, दाब पडतो. ऑइल कमी असेल, जाळी तुंबली, पंप झिजला, दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग अडकली, तरीही पडतो. म्हणून काट्याचा आकडा हीच इंजिनाची नाडी समजावी.

आपल्याच कारखान्यात बघा. मिलच्या टर्बाइनचे ऑइल प्रेशर ऑपरेटर वेळोवेळी वहीत लिहितो. दाब पडला तर राखीव पंप चालू होतो, तरीही सावरला नाही तर टर्बाइन आपोआप बंद पडते. तिथे कोणी म्हणत नाही की एवढा ऊस गाळू, मग बघू! कारखाना आपलाच, मग त्याची शिस्त घरच्या गाडीला नको का?

कोणी म्हणेल, जुन्या गाडीवर आणखी खर्च कशाला? अहो, नव्यापेक्षा जुन्यालाच त्याची गरज जास्त. इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे काट्याची किंमत किरकोळ आहे. बसवताना एक पथ्य पाळा. तांब्याच्या नळीचा काटा घ्याल तर नळी सायलेन्सरपासून लांब आणि पत्र्यातून जाते तिथे रबर घालून बसवा. ती तुटली तर गरम ऑइल बाहेर येते. विजेच्या काट्याला ही भीती नाही.

नोंद कशी ठेवावी? गाडी अर्धा तास चालून गरम झाली की टॉप गिअरला ५० च्या वेगात काटा बघा, मग उभी करून बघा. दोन्ही आकडे पेट्रोलच्या वहीत तारखेसह लिहा. गार इंजिनाला दाब जास्त दिसतो, गरम होऊन उभ्या गाडीत तो उतरतो, त्याला घाबरू नका. कालचा आणि आजचा आकडा ताडून पाहणे महत्त्वाचे. आमच्या वहीत ४५ चा आकडा एकदा पंधरवड्यात ३५ झाला. दांडी काढून हुंगली तर पेट्रोलचा वास! पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलात उतरत होते. पंप दुरुस्त केला, ऑइल बदलले, काटा परत ४५ वर. दिव्याच्या भरवशावर असतो, तर पुन्हा कुठेतरी घाटात बसलो असतो.

आणखी दोन गोष्टी. दाब पडला म्हणून नुसते जाड ऑइल ओतून काटा वर आणू नका. दुखणे आत तसेच राहते. आणि दिवा काढूनही टाकू नका. चावी फिरवल्यावर तो पेटला पाहिजे. पेटत नसेल तर बल्ब किंवा वायर गेली आहे असे समजा. चालत्या गाडीत दिवा पेटला किंवा काटा शून्याकडे गेला, तर गाडी लगेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. दांडीने ऑइल बघा. ऑइल बरोबर असूनही शंका असेल, तर दुसरा काटा लावून खात्री करा. कधी नुसते स्विचच बिघडलेले असते. पण खात्री होईपर्यंत गाडी ओढून न्या, चालवून नेऊ नका. ट्रॅक्टरवाल्यांनीही हेच ध्यानात ठेवावे.

वजनकाट्यावर आपली नजर आहे ती असू द्याच. घरी जाताना समोरच्या या छोट्या काट्यावरही एक नजर टाका, एवढेच आमचे सांगणे.