गावात फायबरची रिंग येतेय, पण राउटरला कमांड कोण देणार?

समुद्रपूर असो की आष्टी, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी आलेल्या माणसाला एकच उत्तर मिळतं: "लिंक नाही." हे दुखणं कमी व्हावं म्हणूनच सुधारित भारतनेट कार्यक्रम आखला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केला. खर्च सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये, आवाका 2.64 लाख ग्रामपंचायतींचा.

यात खरा बदल आहे तो रचनेत. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारखी फायबर निघायची. टोकाला ग्रामपंचायतीत ओएनटी हा छोटा डबा. फांदी तुटली की पुढची गावं बंद. आता रिंग करायची आहे, म्हणजे प्रत्येक गावाला दोन दिशांनी वाट. शिवाय तालुक्यात आणि ग्रामपंचायतीत दोन्हीकडे राउटर.

बातम्यांत किती किलोमीटर केबल टाकली ते येतं. पण केबल गोल फिरवली म्हणून रिंग होत नाही. ती राउटरच्या आत लिहावी लागते, आणि हे लिहिणं बहुतेक वेळा कमांड लाइनवरच होतं.

ही कमांड लाइन म्हणजे काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारा कर्सर. माऊस नाही. सिस्कोच्या धाटणीची यंत्रं घेतली तर आत शिरायला पायऱ्या असतात. लॉगिन केल्यावर साधारण फक्त बघण्यापुरती मुभा मिळते. 'एनेबल' म्हटलं की पूर्ण अधिकार, 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की बदल करायची परवानगी, आणि मग 'इंटरफेस' लिहून पोर्टचं नाव दिलं की त्या एका पोर्टपुरतं काम. (कंपनी बदलली की शब्द बदलतात, पण विचार साधारण हाच.)

आता गंमत बघा. सिस्कोच्या स्विचचे पोर्ट डब्यातून काढल्यावर चालू असतात, राउटरचे मात्र बंद. 'नो शटडाउन' ही कमांड दिल्याशिवाय ते उघडत नाहीत. समजा रिंगमधल्या एका गावात दोनपैकी एकाच पोर्टला ही कमांड दिली. गावात नेट व्यवस्थित चालेल, बिलं निघतील, फोटो काढले जातील. चूक कळेल ती पहिल्यांदा केबल तुटेल तेव्हा. दुसरा पोर्ट उघडा आहे पण त्यावर राउटिंग प्रोटोकॉल चालू केला नाही, तरी परिणाम तोच.

म्हणून बघायच्या कमांड आधी शिकाव्यात. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' लिहिलं की सगळ्या पोर्टची यादी समोर येते. पोर्टसमोर नुसतं 'डाउन' असेल तर केबल, सिग्नल किंवा पलीकडचं यंत्र तपासा. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' असेल तर तो पोर्ट कमांडनेच बंद आहे. पहिल्या वेळी फायबर जोडणारी गाडी पाठवावी लागू शकते, दुसऱ्या वेळी दोन शब्द पुरतात. हा फरक न कळल्यामुळे गाडी उगाच कारंजापर्यंत जाऊन येते.

दुसरी गोष्ट विजेची. तुम्ही केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो 'रनिंग कॉन्फिग'मध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतो. कायमची प्रत 'स्टार्टअप कॉन्फिग'. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' केलं नाही आणि वीज गेली, की राउटर सगळं विसरून जुन्या अवतारात उठतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या वादळी पावसात वीज किती वेळा जाते हे वेगळं सांगायला नको. योजनेत पॉवर बॅकअप आहे, पण बॅटरीच्या भरवशावर सेव्ह करणं विसरू नये.

याच विसरण्याचा उपयोगही होतो. वर्ध्यात बसून लांबच्या राउटरवर काम करताना ज्या पोर्टवरून आत आलो तोच बंद झाला तर? मी हे केलंय. आपणच बसलेली फांदी तोडायची, आणि मग भर दुपारी गाडी काढायची. तेव्हापासून आधी 'रीलोड इन 10' देतो. पुढचे बदल सेव्ह न करता करायचे. अडकलो, तर 10 मिनिटांनी राउटर स्वतः रीस्टार्ट होऊन जुनी मांडणी आणतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' आणि मगच सेव्ह. ज्युनिपरच्या यंत्रांत हीच सोय 'कमिट कन्फर्म्ड' नावाने आहे.

हे शिकायला महागडी लॅब लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नोंदणी करून फुकट मिळतं, त्यात चार राउटरची रिंग तासाभरात बांधता येते. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना स्थानिक दुरुस्तीची कामं मिळायची असतील तर सुरुवात इथून करता येईल.

आणि सरपंच-ग्रामसेवकांसाठी: रिंग तयार आहे म्हणून सही मागायला कोणी आलं, तर त्यालाच सांगा, एका बाजूची केबल काढून दाखव. नेट चालू राहिलं तर बरं. मग ती जोडून दुसऱ्या बाजूची काढायला लावा. शेवटी राउटर एकदा बंद करून चालू करायला सांगा, आणि हे सगळं त्याच्यासमोरच पुन्हा बघा.