काच पुसणाऱ्याचा हात



नाताळाआधी चर्चच्या काचा पुसायला माणूस बोलावला, की आपण पहिल्यांदा विचारतो, "किती घेणार?" कसे पुसणार, हे सहसा कोणी विचारत नाही.

आपल्या हुबळीत, बेंगेरीला, खादीचा राष्ट्रध्वज शिवतात. लांबी-रुंदी 3:2, चक्राचे आरे 24. मापात किंवा रंगात चूक निघाली तर ध्वज बाद. तिथे शिवणाऱ्या भगिनींचे आपण कौतुक करतो. मग शिडीवरच्या माणसाचे काम कसबाचे नाही, हे कोणी ठरवले? तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकून डाग उरतात, म्हणून जाणकार ऊन उतरल्यावर हात घालतो. कोरडी धूळ घासत नाही, ओरखडे पडतात. वरून खाली येतो, दर फेरीला रबराची पट्टी पुसतो, कोपरे शेवटी फडक्याने टिपतो. निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलला आपल्या आत्म्याने भरले (निर्गम 31), ते असल्याच हातच्या कसबासाठी.

पण चोख काम एकट्या कामगाराकडे मागून चालत नाही. धाब्याला कठडा बांधायची आज्ञा घरमालकाला आहे, कोणी पडू नये म्हणून (अनुवाद 22:8). उंच खिडकीपाशी तो कठडा म्हणजे सुरक्षापट्टा आणि शिडी धरायला दुसरा माणूस. "सेवा समजून कमी घ्या," हे तर आम्हांला मुळीच पटत नाही. सेवा आपण करावी. त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी (अनुवाद 24:15). यंदाच्या अंदाजपत्रकात दोन्ही माणसांचा खर्च धरावा, अशी कमिटीला आमची विनंती आहे.