नातवाचे जन्मवर्ष



बँकेच्या नोकरीत खातेदारांच्या जन्मतारखा मी वर्षानुवर्षे ताडून पाहिल्या. दाखल्यावर एक आणि अर्जावर दुसरी तारीख आढळली, तर अर्ज परत करताना मला कधी संकोच वाटला नाही. त्याच मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, इयत्ता तिसरीतल्या नातवासाठी टॅबवर एका खेळाचे खाते उघडले. खरे जन्मवर्ष भरताच पालकांची संमती मागणारे पान समोर आले. मुलगा व सून बाहेर गेले होते, आणि नातू खांद्याशी घाई करीत होता. मी माझे स्वतःचे जन्मवर्ष भरले. खाते क्षणात उघडले.

"आजोबा, असं चालतं?" त्याने विचारले.

"चालतं रे," मी म्हणालो.

पाठशाळेत तो त्याच महिन्यात सत्य अणुव्रताचा पाठ शिकत होता, हे मला नंतर कळले.

पुढे जे घडले ते लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच चालले असावे. खेळातल्या चॅटवर एका अनोळखी 'मित्राने' नातवाला शाळेचे नाव विचारले, मग गणवेशातला फोटो मागितला. त्याने तो पाठविला. नंतर आणखी फोटो मागण्यात आले, तेही घरी न सांगता. सांगितलेस तर तुझ्या शाळेत कळवीन, अशी धमकी आली. पोर दहा दिवस हे मनात घेऊन वावरले. शेवटी मटार सोलत बसलेल्या आजीजवळ ते रडले. आमच्याकडे का आला नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात ना, काही गडबड केलीस तर टॅब गोदावरीत टाकीन."

मी तसे म्हटले होते, आणि मोठ्या तोऱ्यात म्हटले होते.

मुलाने संतापून खाते तत्काळ पुसायला घेतले, ते मी थांबविले. व्हाउचर फाडायचे नसते, हे बँकेने शिकविलेले. आधी सर्व संभाषणाचे स्क्रीनशॉट घेतले, त्या खात्याचे नाव टिपून ठेवले, मग त्याला ब्लॉक केले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार दाखल केली. मुलांबाबतच्या तक्रारीसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा. मूल संकटात असेल तर १०९८. दुसऱ्या दिवशी सूनबाई वर्गशिक्षिकांना भेटल्या. बाईंनी नातवाचे नाव न घेता वर्गात विषय काढला, तेव्हा आणखी दोन मुलांना तोच 'मित्र' भेटल्याचे उघड झाले.

आता त्या जन्मवर्षाविषयी. कंपनीच्या लेखी आमचा नातू साठी उलटलेला गृहस्थ होता. लहान वयाच्या खात्यांवर अनेक कंपन्या अनोळखी व्यक्तींचे संदेश बंद ठेवतात. ते कुंपण मीच काढून टाकले होते. इन्स्टाग्रामवर स्वतःचे खाते उघडण्यासाठी किमान वय १३ आहे, म्हणजे चौथीपर्यंतच्या ज्या मुलाचे तेथे स्वतःचे खाते आहे, ते बहुधा कोणीतरी असत्य लिहूनच उघडलेले असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे. तिची माहिती घेण्यास पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. आमच्या जुन्या कागदपत्रांत अज्ञान खातेदाराच्या नावापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरे असत, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्या तीन अक्षरांमुळे व्यवहारात मोठ्या माणसाची सही लागे. वय खोटे लिहिले की सही मागणारे कोणी उरत नाही.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. टाळेबंदीत मुलांच्या हाती आलेले मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात, तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने २०२२ च्या ऑगस्टपासून तेथे रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. महिलांच्या ग्रामसभेने ते ठरविले, आणि आशा व अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. मला त्यात विशेष वाटते ते हे की मोठ्यांचेही मोबाइल बंद होऊ लागले. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, त्यामुळे संध्याकाळ लांब असते, आणि तीच टॅबची वेळ होऊन बसली आहे. तथापि भोंगा वेळेची राखण करतो. उरलेल्या वेळात पडद्यावर कोण भेटले, ते मुलानेच सांगावे लागते, आणि भ्यालेले मूल सांगत नाही. आलोचना करायला आलेल्या श्रावकाला गुरू प्रायश्चित्त देतात, परंतु त्याच्यावर ओरडत नाहीत, त्याचे बोलणे चारचौघांत सांगतही नाहीत. नातवापुढे मी हे सारे विसरलो होतो.

जाता जाता आपल्या पिढीचे एक. नातवंडांच्या वाढदिवसाला स्टेटसवर फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गळ्यात शाळेचे ओळखपत्र! दूरध्वनीवर खातेदाराची ओळख पटविताना आम्ही जन्मतारीखच विचारीत असू. स्नेहसंमेलनाचे फोटो नावांसह गटावर टाकू नयेत, अशी विनंती आम्ही काही पालकांनी शाळेला केली; शाळेने ती मान्य केली.

संवत्सरीला अवकाश होता, तरी मी नातवाला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणालो. त्याला आधी हसू आले. नवे खाते त्याच्या आईने खऱ्या जन्मवर्षाने, स्वतःच्या संमतीने उघडले आहे. चॅट बंद आहे. खेळात आता मजा राहिली नाही, असे त्याचे म्हणणे. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी कॅरमची पावडर मागायला आला.