कोकणात कॉलेजची इमारत ‘ग्रीन’ कधी म्हणायची?

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड आहे. इथल्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचं जवळचं मोठं शहर म्हणजे रत्नागिरी. तिथे मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. म्हणजे शिक्षणाच्या इमारती वाढतायत. एकदा बांधलेली सरकारी इमारत कित्येक दशकं वापरात राहते, त्यामुळे ती कशी असावी हे नकाशा कागदावर असतानाच ठरवावं लागतं.

‘ग्रीन बिल्डिंग’ म्हटलं की छपरावरचं सोलर आणि एलईडी दिवे आठवतात. हे सगळं हवंच. पण वर्गात बसणाऱ्या मुलांची तब्येत कशी राहते, हे त्यातून कळत नाही.

कोकणातली खरी अडचण काय?

ओल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. सपाट स्लॅब गळू लागतो, गिलाव्याला पोपडे येतात, कोपऱ्यात बुरशी धरते. मग स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. खाऱ्या हवेनं काँक्रीटमधली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. ओलसर इमारतीत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त असतात, असं त्यात म्हटलंय. म्हणजे भिंतीवरचा काळा डाग हा आरोग्याचाही विषय आहे.

मग एसी लावला की झालं?

नाही. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. बंद वर्गात साठ मुलं तासभर बसली की कार्बन डायऑक्साईड वाढत जातो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २४ जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या ऑफिससारख्या हवेच्या तुलनेत, ताजी हवा भरपूर मिळालेल्या दिवशी विचार करण्याच्या चाचणीतले त्यांचे गुण सरासरी दुप्पट होते. प्रयोग छोटा होता आणि कॉलेजच्या वर्गातला नव्हता, पण दिशा कळते.

प्रयोगशाळा, सर्व्हर रूम अशा ठिकाणी एसी लागणारच. प्रत्येक वर्गाला तो लागावा अशी इमारत बांधायची का, हा प्रश्न आहे.

जुनं घर काय सांगतं?

उष्ण आणि दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. जुन्या कोकणी घरात उतरतं कौलारू छप्पर पाणी टिकू देत नाही, आणि पडवी भिंतीला ऊन व पावसाची झड लागू देत नाही. त्यामुळे पावसातही खिडकी उघडी ठेवता येते.

आजच्या कॉलेजांत बऱ्याचदा उलटं दिसतं. मधोमध पॅसेज आणि दोन्हीकडे वर्ग, त्यामुळे वारा आरपार जात नाही. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या एका वेळी अर्ध्याच उघडतात. छज्जा एवढासा, म्हणून पाऊस आला की त्याही बंद.

मोठ्या संस्थेला जुनी युक्ती चालते का? याच पश्चिम किनाऱ्यावर, तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात विटांच्या जाळीच्या भिंती आणि अंगणं वापरून ते करून दाखवलं. जाळीतून उजेड आणि वारा आत येतो, कडक ऊन अडतं.

अर्थात, जांभा वापरला की इमारत आपोआप पर्यावरणपूरक होत नाही. चिरेखाणी डोंगर पोखरतात, आणि जोत्यातून चढणारी ओल अडवली नाही तर चिऱ्याची भिंतही पाणी शोषते.

कायदा काय म्हणतो?

केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. तिचा मुख्य रोख वीजबचतीवर होता. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ही ग्रीन ऑडिट, पर्यायी ऊर्जा, पाणी साठवण पाहते. वर्गात प्रत्यक्षात हवा खेळते का, हे आपणही विचारायला हवं.

तेव्हा तुमच्या भागात नवं कॉलेज मंजूर झालं की एवढं विचारा: वर्गाला समोरासमोर खिडक्या आहेत का? धो-धो पावसात त्या उघड्या राहतील का? स्लॅबवर उतरतं छप्पर पहिल्यापासून आहे की गळल्यावर पत्रा येणार? आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे ठेवलेत का? याची उत्तरं नकाशात आणि अंदाजपत्रकात सापडायला हवीत. इमारत उभी राहिल्यावर भिंतींची दिशा बदलता येत नाही.