हे ‘नाहीतर’ कुणाचं?

‘लेख मुदतीत आला तर, पाचशे शब्दांत बसला तर, युनिकोडमध्ये असला तर घ्या, नाहीतर परत पाठवा.’ यातलं ‘नाहीतर’ कोणत्या ‘तर’चं? बोलताना आवाजाच्या चढउतारावर भागतं, कागदावर शंका राहते. पायथनमध्ये मात्र एल्स ज्या इफच्या सरळ रेषेत खाली, त्याचंच ते.

गेल्या अंकासाठी आलेल्या फाइली निवडायला मी पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली. वरचे तिन्ही ‘तर’ एकात एक, डब्यात डबा. ‘युनिकोडमध्ये पुन्हा पाठवा’ असं कळवणारं एल्स सर्वांत आतल्या इफखाली हवं होतं. मी ते सर्वांत बाहेरच्या, मुदतीच्या इफखाली लावलं. फरक आठ मोकळ्या जागांचा. पायथनने तक्रार केली नाही. त्याच्या लेखी दोन्ही मांडण्या शुद्धच.

उशिरा आलेल्या दोघांचे लेख युनिकोडमध्येच होते, तरी त्यांना ‘युनिकोडमध्ये पाठवा’ असं उत्तर गेलं. आम्ही हसलो अन् सोडून दिलं. पण बालाघाटच्या एका प्रथम वर्षाच्या मुलीची कविता, टायपिंगच्या दुकानात कृतिदेवमध्ये टाइप केलेली, वेळेत आलेली, ना अंकात गेली ना तिच्याकडे परत. तिने विचारलंही नाही. तिला वाटलं, आपली मराठी कमी पडली. मीही बालाघाटचीच. शाळा हिंदी अन् घर मराठी असलं की असं वाटायला वेळ लागत नाही.

म्हणून ‘मांडणी ही नुसती सजावट, फॉर्मॅटर करेल’ हे मला पटत नाही. ब्लॅकसारखा फॉर्मॅटर जागा नीटनेटक्या करतो. एल्स कुणाचं हे माझ्या मनातलं त्याला कसं कळणार? जिथे अर्थ महिरपी कंस ठरवतात, तिथे उलटा धोका. ॲपलच्या सुरक्षेच्या कोडमध्ये २०१४ साली सापडलेली चूक आठवा. तो कोड सी भाषेतला. ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ इफच्या आत दिसत होती. कंस नसल्याने होती बाहेर. ती दर वेळी चालायची आणि पुढची तपासणी टळायची.

पायथनची शैलीपुस्तिका, २००१ सालची पेप ८, दर पातळीला चार जागा सोडायला सांगते. सोडाव्यातच. पण तिसरी पातळी आली की जागा मोजत बसण्यापेक्षा पातळीच काढून टाकावी, असं माझं मत. नकार आधी लिहा. उशिरा आला? कळवा, पुढची फाइल. लांब आहे? कळवा, पुढची. युनिकोड नाही? कळवा, पुढची. उरलं ते घ्या. प्रत्येक नकाराचं कारण त्याच्या शेजारीच राहतं अन् एल्सची गरजच उरत नाही. (दुसऱ्यांच्या लांबलचक वाक्यांवर आपण साहित्यवाले लाल रेघ ओढतोच की!)

स्क्रिप्ट आता सपाट केली आहे. त्या मुलीला मी फोन करून सगळं सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, “म्हणजे ताई, कविता वाईट नव्हती ना?”

नव्हती. याच अंकात आहे, वाचा.