सरबतात साखरेऐवजी मध घातला, तर खरंच फायदा होतो का?

उन्हाळा आला की सातारा-सांगलीतल्या घरांत लिंबू सरबत, कोकम आणि पन्हं सुरू होतं. दोन्ही जिल्हे उसाचे, त्यामुळे गोडीसाठी साखर किंवा गूळ ठरलेला. पण 'साखर सोडा, मध घाला' असं सांगणारे रील्स पाहून अनेकजण सरबतात मध घालू लागलेत. याने नेमकं काय बदलतं?

साखर कमी होते का?

नाही. 100 ग्रॅम साखरेत सुमारे 387 किलोकॅलरी असतात, तर मधात सुमारे 304. हा फरक मुख्यतः पाण्याचा आहे. मधात 17-18 टक्के पाणी असतं, उरलेला बहुतेक भाग फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, म्हणजे साखरच. शिवाय मध जड असतो. एक छोटा चमचा साखर भरते 4 ग्रॅम, मध 7 ग्रॅम. त्यामुळे चमच्याला चमचा बदलला, तर कॅलरी उलट वाढतात. जागतिक आरोग्य संघटनाही मधातली साखर मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरते. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी मधाला 'सूट' समजू नये.

बाटलीत मधच आहे का?

डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 13 ब्रँडचा मध तपासला. एनएमआर या प्रगत चाचणीत फक्त 3 ब्रँड पास झाले. कंपन्यांनी भेसळीचे आरोप फेटाळले होते.

गंमत म्हणजे उसाच्या साखरेची भेसळ प्रयोगशाळेत सहज पकडली जाते. तांदळापासून बनवलेलं सिरप मात्र त्याच चाचणीतून निसटतं. मग पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून किंवा काडी पेटवून काय कळणार? दाट सिरपही तळाशी बसतं. आणि मध गोठला म्हणजे भेसळ, हेही खरं नाही. अस्सल मधही गोठतो.

साताऱ्याचा संबंध काय?

महाबळेश्वरजवळचं मांघर मे 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. इथल्या जंगलात जांभूळ, हिरडा यांच्या फुलांवरून सातेरी माश्या मध गोळा करतात. बाजारात स्वस्त सिरप 'मध' म्हणून विकलं गेलं, की फटका या मधपाळांना बसतो. त्यांच्या मधाला परवडणारा भाव मिळत नाही.

मग काय करायचं?

चव आवडत असेल तर मध जरूर वापरा, पण बेताने. थंड पाण्यात तो लवकर विरघळत नाही. आधी थोड्या कोमट पाण्यात ढवळा, मग सरबतात घाला. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नका, त्यातून बोट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो. आणि विकत घेताना मध कुठल्या भागातला, कुणी काढलेला, हे विचारा. सरबतातली साखर त्याने कमी होणार नाही, पण पैसे खऱ्या मधपाळाकडे जाण्याची शक्यता नक्की वाढेल.